जठरातले आम्ल, पुडीतले यीस्ट आणि चिठ्ठीची पहिली ओळ

हिवाळ्याच्या दिवसांत सुरतेत पहाटे फिरायला निघणाऱ्या मंडळींना नीरेची चव परिचयाची असते. खजुरीच्या झाडावर रात्रभर थेंबाथेंबाने साठलेला तो गोड, गार रस सूर्य वर येण्यापूर्वीच प्यावा, असा येथील प्रघात आहे. कारण ऊन चढू लागले की नीरा आंबते. प्रथम जिभेला किंचित चुणचुण जाणवते, मग फेस येतो, मग उग्र आंबट वास. नीरेची ताडी होते आणि दारूबंदी असलेल्या आपल्या राज्यात ती आहाराच्या प्रांतातून कायद्याच्या प्रांतात जाते. हे टाळण्यासाठी रस धरण्याच्या मडक्याला आतून चुना लावण्याची जुनी पद्धत आहे. चुना आम्लाला मारतो आणि आंबण्याची क्रिया लांबवतो.

या आंबण्यामागे सूक्ष्मजीवांची एक ठरलेली मालिका असते. प्रथम लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू रसाचा आंबटपणा वाढवतात. त्या वाढत्या आंबटपणात इतर अनेक जिवाणूंचा निभाव लागत नाही. यीस्टचा मात्र लागतो. ते रसातील साखरेपासून मद्यार्क तयार करीत राहते आणि अखेरीस मद्यार्काचे व्हिनेगर करणारे जिवाणू येतात. आपल्या भाषेने 'आंबट' आणि 'आंबवणे' हे दोन शब्द एकाच मुळापासून घडवले आहेत, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. आंबील, आंबोळी, ताक, इडलीचे पीठ, सुरती लोच्याचे पीठ या सर्वांत आंबवणे म्हणजे आम्लाशी जमवून घेणाऱ्या सूक्ष्मजीवांना मोकळीक देणे, हे आपल्या आज्यांनी सूक्ष्मदर्शकावाचून ओळखले होते.

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा हाच विषय घ्यावा असे मनात आले. मुलाला जुलाब होत असताना प्रोबायोटिकची पुडी दिली गेली नाही, असे घर आज शहरात शोधावे लागेल. त्या पुड्यांपैकी काहींत जिवाणू असतात, तर काहींत यीस्ट. 'आम्लात टिकणारे' हे विशेषण त्यांच्या माहितीपत्रकांत ठळकपणे छापलेले असते. ते विशेषण खरे आहे. त्यामागचे विज्ञान तर अतिशय सुंदर आहे. परंतु त्या एका विशेषणावर आपण, म्हणजे डॉक्टर आणि पालक दोघेही, जितका भार टाकतो तितका ते पेलू शकत नाही, असे माझे तीस वर्षांच्या व्यवसायानंतरचे मत आहे. ते येथे मांडतो.

प्रथम या यीस्टची ओळख करून घेऊ. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी आंरी बुलार नावाचे फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तेव्हाच्या इंडोचायनात काम करीत होते. तेथे पटकीची साथ होती. काही स्थानिक लोक लिची आणि मँगोस्टीन या फळांच्या साली उकळून त्याचा काढा पितात आणि त्यांना जुलाबाचा त्रास कमी होतो, असे त्यांच्या पाहण्यात आले. त्या फळांवरून त्यांनी एक यीस्ट वेगळे काढले. त्यांच्या नावावरून ते सॅकरोमायसीस बुलार्डी म्हणून ओळखले जाते. पुढे जनुकांची तपासणी झाली तेव्हा हे यीस्ट म्हणजे पाव फुगवणाऱ्या आणि मद्य आंबवणाऱ्या सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या नेहमीच्या जातीचाच एक प्रकार असल्याचे दिसले. दोघे सख्खे भाऊ म्हणावेत इतके जवळचे. मात्र स्वभावात फरक आहे. पावाचे यीस्ट साधारण ३० अंश सेल्सियसला सुखी असते. बुलार्डीला आपल्या शरीराचे ३७ अंश तापमान मानवते. आणि जठरासारख्या तीव्र आम्लात बुलार्डी आपल्या भावापेक्षा अधिक काळ तग धरते, असे प्रयोगशाळेतील तुलनांत आढळले आहे.

तीव्र आम्ल म्हणजे किती तीव्र? रिकाम्या पोटी प्रौढ माणसाच्या जठरातील पीएच साधारण दीड ते दोन असतो. शुद्ध पाण्याचा सात. पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक खाली उतरले की आम्लता दहा पट वाढते. म्हणजे पीएच दोनच्या जठररसात पाण्याच्या तुलनेत एक लाख पट अधिक प्रोटॉन मोकळे असतात. यीस्टच्या पेशीचा अंतर्भाग मात्र जवळपास उदासीन राहावा लागतो, नाहीतर तिची प्रथिने आणि विकरे निकामी होतात. बाहेर लाख पट गर्दी आणि मध्ये केवळ एक पातळ पटल, अशी ही अवस्था आहे. पूर आलेल्या तापीकाठी बांधावर उभे राहून घरात शिरणारे पाणी उपसणाऱ्या माणसाची जी अवस्था होते, तीच या पेशीची होते.

यीस्ट या संकटाला अनेक थरांवर तोंड देते. सर्वांत बाहेर पेशीभित्तिका असते. ती ग्लुकान नावाच्या शर्करेच्या जाळीची असून तिच्यावर मॅनोज शर्करा आणि प्रथिने यांचा लेप असतो. आम्लाने ही भिंत दुबळी होऊ लागली की पेशीतील संदेशयंत्रणा जागी होते आणि भिंतीची डागडुजी सुरू होते. तिच्या आत पेशीपटल. त्यात एर्गोस्टेरॉल नावाचे स्निग्ध द्रव्य असते आणि पटलातून काय आत जाईल याच्या नियमनात त्याचा वाटा असतो. या पटलात बसवलेला एक प्रोटॉन पंप आत शिरलेले प्रोटॉन अखंड बाहेर फेकत असतो. प्रत्येक फेकीला एटीपीच्या रूपात ऊर्जा खर्च होते आणि हा खर्च पेशीच्या एकूण ऊर्जेचा मोठा वाटा गिळतो. पेशीच्या आतील रिक्तिकाही काही प्रोटॉन आपल्या पोटात साठवून घेते. शिवाय ट्रेहॅलोज नावाची साखर आणि उष्णताघात-प्रथिने ही मंडळी इतर प्रथिनांना घडी विस्कटू न देता सांभाळतात. हीच ट्रेहॅलोज शर्करा यीस्ट वाळवले जाताना त्याला जिवंत ठेवण्यास मदत करते. गोठवून वाळवलेले यीस्ट पुडीत जिवंत राहते त्यात तिचाही वाटा आहे.

यातील प्रोटॉन पंपाविषयी एक गोष्ट डॉक्टर मित्रांना विशेष रंजक वाटेल. आपल्या जठराच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशींतही एक प्रोटॉन पंप असतो. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही औषधे आपण लिहितो, ती त्याच पंपाला बंद पाडण्यासाठी. जठराचा हा पंप आणि यीस्टचा पंप हे एकाच प्रथिनकुलातील आहेत. म्हणजे जठर ज्या जातीच्या यंत्राने आम्ल ओतते, त्याच जातीच्या यंत्राने यीस्ट ते आम्ल स्वतःच्या अंगणातून बाहेर काढते. उत्क्रांतीने एकच हत्यार दोन्ही पक्षांच्या हाती दिले आहे.

येथे सहनशीलता आणि अनुकूलन यांत भेद केला पाहिजे. वर सांगितलेली साधनसामग्री यीस्टला जन्मजात मिळते. ती झाली सहनशीलता. परंतु यीस्टला आधी सौम्य आम्लात काही काळ ठेवले आणि मग तीव्र आम्लात टाकले, तर ते एकदम तीव्र आम्लात टाकलेल्या यीस्टपेक्षा अधिक संख्येने वाचते. पहिल्या सौम्य धक्क्याने त्याची जनुके संरक्षणाची प्रथिने तयार करू लागतात आणि दुसरा धक्का येतो तेव्हा तयारी झालेली असते. एवढेच नव्हे, तर एका प्रकारच्या ताणाने आलेली ही तयारी कधीकधी उष्णतेसारख्या दुसऱ्या ताणातही उपयोगी पडते. हे झाले अनुकूलन. मात्र त्यालाही मर्यादा आहे. व्हिनेगरमधील अॅसेटिक आम्लासारखी सौम्य म्हणवणारी आम्ले यीस्टला काही वेळा जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लापेक्षा अधिक जड जातात. ती अविभाजित रूपात पेशीपटलातून सहज आत सरकतात आणि आत गेल्यावर प्रोटॉन सोडतात. म्हणजे चोर भिंत फोडून न येता पाहुणा बनून येतो. आपल्या लोणच्यांत व्हिनेगर घातले की बुरशी धरत नाही, त्याचे एक कारण हेच.

गंमत अशी की, बुलार्डी स्वतःच अॅसेटिक आम्ल मोठ्या प्रमाणावर तयार करते. बेल्जियममधील संशोधकांनी २०१९ मध्ये हा गुण तिच्या दोन विशिष्ट जनुकीय बदलांमुळे येतो, असे दाखवले आणि प्रयोगशाळेत त्या आम्लाने इतर जिवाणूंची वाढ रोखली जाते, हेही दाखवले. याखेरीज तिच्या भित्तिकेवरील मॅनोजला ई. कोलाय व साल्मोनेला हे जंतू चिकटतात आणि आतड्याच्या अस्तराऐवजी तिच्याबरोबर वाहून जाऊ शकतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या विषाचे तुकडे करणारे विकरही ती स्रवते. आणि ती जिवाणू नसून बुरशीवर्गातील असल्याने जिवाणूंसाठीची प्रतिजैविके तिला मारत नाहीत. हा सर्व तपशील वाचून कोणाही विज्ञानप्रेमी डॉक्टरला तिच्याविषयी आदर वाटावा. मलाही वाटतो.

पण येथेच थांबून एक प्रश्न विचारायला हवा. जठराचे आम्ल ओलांडून जिवंत पोहोचणे म्हणजे रोग्याला गुण येणे काय? उमेदवाराने प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण केली म्हणजे तो चांगला शल्यविशारद झाला, असे आपण कोणी म्हणणार नाही. आम्लसहनशीलता ही प्रोबायोटिकची प्रवेशपरीक्षा आहे. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये प्रोबायोटिक्सच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही आम्ल आणि पित्त यांत टिकण्याची चाचणी आहे. परंतु त्यापुढे सुरक्षितता आणि माणसांवरील उपयुक्तता सिद्ध करण्याची अपेक्षाही आहे. माहितीपत्रके पहिल्या पायरीचे वर्णन मोठ्या अक्षरांत करतात आणि शेवटची पायरी वाचकाच्या कल्पनेवर सोडतात.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने आणखी एक मुद्दा सांगणे भाग आहे. प्रयोगशाळेतील पीएच दोनचे कृत्रिम जठर हे प्रौढाच्या रिकाम्या जठरासारखे असते. आपला रोगी मात्र आठ महिन्यांचे दूधपिते बाळ असते. दर दोन-तीन तासांनी दूध पिणाऱ्या बाळाच्या जठरातील आम्ल दुधाने बऱ्याच अंशी शमते आणि दूध प्यायल्यावर बराच वेळ पीएच वरच राहतो. त्या पोटातून जाण्यासाठी असामान्य आम्लसहनशीलता लागतेच असे नाही. जी परीक्षा आपल्या रोग्याच्या पोटात घेतलीच जात नाही, तिच्या गुणपत्रिकेवर आपण औषध का निवडावे?

शिवाय हे यीस्ट आतड्यात घर करीत नाही. पुड्या चालू असेपर्यंत ते तेथे असते. बंद केल्यावर काही दिवसांतच विष्ठेतून नाहीसे होते. दिलेल्या मात्रेपैकी अल्प अंशच जिवंत बाहेर पडलेला आढळतो. ते पाहुणे आहे, रहिवासी नाही. पाहुण्याकडून किती कामाची अपेक्षा करावी, याचे भान असावे.

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे वळू. २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ बालकांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. तीव्र जुलाबात लॅक्टोबॅसिलस गटातील प्रोबायोटिक दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत फरक आढळला नाही. त्या चाचण्यांत यीस्ट नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने ८० हून अधिक चाचण्या एकत्र पाहिल्या आणि मोठ्या, काटेकोर चाचण्यांपुरता विचार केला तर ४८ तासांहून अधिक टिकणाऱ्या जुलाबांच्या संख्येत प्रोबायोटिक्समुळे फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी अमेरिकेतील जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने तेथील मुलांच्या तीव्र जुलाबात प्रोबायोटिक्स देऊ नयेत, अशी शिफारस केली. युरोपातील बालजठरांत्ररोगतज्ज्ञांची संघटना मात्र २०२३ मध्येही बुलार्डीसारख्या ठरावीक वाणांचा विचार करता येईल, असे म्हणते. ती शिफारसही दुबळ्या स्वरूपाची आहे. दुसरीकडे, प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब टाळण्याच्या बाबतीत २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात पुरावा अधिक अनुकूल दिसतो आणि त्यात बुलार्डीचे नाव पुढे आहे. म्हणजे हे औषध निरुपयोगी नाही. त्याला एक जागा आहे, पण ती जागा चिठ्ठीच्या माथ्यावर नाही.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. मला ते एका बाळाने शिकवले.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर जुलाब-उलट्यांचे रुग्ण येऊ लागले. लिंबायत भागातून एक तरुण बाप आपल्या चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला. माणूस धुळ्याकडचा, लूमच्या कारखान्यात कामाला. पुरात घरातले होते नव्हते ते गेलेले. मी बाळाला तपासले. शोष फारसा नव्हता. घाईत चिठ्ठी लिहिली. पहिल्या ओळीत प्रतिजैविक, दुसऱ्या ओळीत उलटीचे औषध, तिसरीत प्रोबायोटिकची पुडी, चौथीत झिंक आणि पाचवीत ओआरएस. तोंडाने सांगितले की हे पाणी पाजत राहा. बाहेर चाळीसएक रुग्ण बसले होते.

दुसऱ्या दिवशी रात्री तो पुन्हा आला. बाळाचे डोळे खोल गेले होते, पोटाची त्वचा चिमटीत धरली तर हळूहळू परतत होती, दुपारपासून लघवी नव्हती. सलाईन लावले. रात्र कठीण गेली, पहाटे लघवी झाली, बाळ वाचले. सकाळी मी त्या बापावर थोडा रागावलोच. ओआरएस का पाजले नाही, असे विचारले. त्याने खिशातून पुडीची रिकामी पाकिटे काढून दाखवली. त्याने ती अगदी सांगितल्या वेळेला दिली होती. म्हणाला, "साहेब, पैसे तीनच औषधांपुरते होते. तुम्ही वर लिहिलेली आधी घेतली. खालची उद्या घेणार होतो."

त्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याचे चुकले नव्हते. चिठ्ठीचा क्रम हा त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा क्रम होता आणि तो मीच लिहून दिला होता. सर्वांत स्वस्त आणि जीव वाचवणारी वस्तू मी तळाशी ठेवली. पूरक वस्तू वर ठेवली. प्रतिजैविकाची तर त्या बाळाला बहुधा गरजच नव्हती. त्या दिवसापासून माझ्या चिठ्ठीची पहिली ओळ ओआरएसची असते, दुसरी झिंकची आणि बऱ्याचदा तिसरी ओळ नसतेच.

ओआरएस ही गोष्ट मीठ-साखरेच्या पाण्याइतकी साधी वाटते म्हणून तिची किंमत कमी होते. आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते, हे तिचे विज्ञान. जुलाब चालू असतानाही ही यंत्रणा बहुतांशी शाबूत असते. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर हेच पाणी पाजले आणि सुमारे ३० टक्क्यांवर असलेले पटकीचे मृत्यूप्रमाण साधारण साडेतीन टक्क्यांवर आणले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये कमी क्षारतेचे, २४५ मिलिऑस्मोलचे ओआरएस आणि १० ते १४ दिवस झिंक, असा उपचार सांगितला: सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम. भारतीय बालरोग अकादमीच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनीही या दोन गोष्टींवरच भर दिला. प्रोबायोटिक्सची शिफारस करण्यास पुरेसा पुरावा नाही, असे त्यांत म्हटले होते. गोड पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' हा शब्द छापण्यास भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांची अनेक वर्षांची चिकाटी होती. एका डॉक्टरने मनावर घेतले तर काय होते, याचे ते ताजे उदाहरण आहे.

आता चिठ्ठीतील दुसऱ्या विसंगतीविषयी. बाळ दूध काढते, रात्री रडते, म्हणून आम्ल कमी करणारे सिरप सर्रास लिहिले जाते. तेच बाळ पुढच्या महिन्यात जुलाब घेऊन आले की आपण 'आम्लात टिकणारे' यीस्ट देतो. आधी जठराचे आम्ल बंद करायचे आणि मग आम्लात टिकणाऱ्या औषधाचे पैसे मोजायला लावायचे, यात तर्क कोणता? जठरातील आम्ल हा आजार नव्हे. तो आपला द्वारपाल आहे. अन्नापाण्याबरोबर आलेल्या असंख्य जंतूंना तो दारातच अडवतो. २००६ मध्ये इटलीतील बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले की, आम्लरोधक औषधे घेणाऱ्या मुलांत जुलाब आणि न्यूमोनिया यांचे प्रमाण अधिक आढळते. ज्या शहरात पावसाळ्यात पिण्याच्या पाण्याची काळजी करावी लागते, तेथे द्वारपालाला रजेवर पाठवताना दहा वेळा विचार करावा. बहुतेक तान्ह्या बाळांचे दूध काढणे वय वाढते तसे आपोआप थांबते. आईला हे शांतपणे समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात. सिरप लिहायला दहा सेकंद. आपण दहा सेकंदांचा मार्ग निवडतो, हे कबूल करायला हवे.

आणि एक धोक्याची सूचना. जे यीस्ट आम्ल, पित्त, उष्णता यांना पुरून उरते, ते चुकीच्या जागी पोहोचले तर तितकेच चिवट ठरते. मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्या अत्यवस्थ रोग्यांत हे यीस्ट रक्तात शिरून गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. २०१७ मध्ये युरोपीय औषध प्राधिकरणाच्या तज्ज्ञ समितीने अत्यवस्थ आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रोग्यांना ते देऊ नये, असे सांगितले. अशा रोग्याच्या खाटेशेजारी दुसऱ्या रोग्यासाठीची पुडी उघडली, तरी हवेतून किंवा परिचारिकेच्या हातांवरून यीस्ट नळीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून अतिदक्षता विभागात आणि नवजात शिशूंच्या कक्षात पुडी फोडू नये, हा नियम आपल्यापैकी प्रत्येक रुग्णालयचालकाने भिंतीवर लावावा. जिवंत औषध हे जिवंत असते, हे विसरता कामा नये.

समाजबांधवांसाठी थोडे. डॉक्टरांनी यीस्टची पुडी दिलीच असेल तर ती गरम पाण्यात किंवा गरम दुधात घालू नका. उष्णतेने यीस्ट मरते आणि पैसे वाया जातात. बुरशीविरोधी औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा; त्या औषधाने हे यीस्टही मरते. उन्हाळ्यात पुड्या मोटारीत किंवा स्वयंपाकघरातील शेगडीजवळच्या फडताळात ठेवू नका. घरचे ताक आणि दहीभात मुलाला जरूर द्या. ते उत्तम अन्न आहे, पण औषधाच्या मापात मोजलेले प्रोबायोटिक नाही. अंगावरचे दूध कोणत्याही परिस्थितीत थांबवू नका. आणि जुलाब सुरू होताच, डॉक्टरकडे जाण्यापूर्वी, ओआरएसचे पाकीट फोडा. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवा. अर्ध्या पाकिटाचा अंदाज बांधू नका. वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजत राहा. बाळ सुस्त झाले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा पाणी पोटात ठरेना, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

डॉक्टर मित्रांना माझी विनंती एवढीच आहे. या यीस्टचे कौतुक अवश्य करा. लाख पट आम्लात उभे राहून आपले अंतरंग सांभाळणारी ही इवलीशी पेशी कौतुकास पात्रच आहे. प्रतिजैविक खरोखर आवश्यक असेल तेव्हा तिची मदत घ्या. परंतु तिची सहनशीलता हा तिचा गुण आहे, आपल्या रोग्याचा उपचार नव्हे. आम्लात टिकण्याची कला यीस्टला साधली आहे. पाणी संपले तर टिकण्याची कला आपल्या बाळाला साधलेली नाही. चौदा महिन्यांच्या मुलाच्या बापाच्या खिशात तीन औषधांपुरतेच पैसे असतील, हे गृहीत धरून चिठ्ठी लिहावी. मग पहिल्या ओळीत काय लिहायचे, हा प्रश्नच उरत नाही.